रत्नाची निवड आणि उजेडाची गोष्ट



रत्नांवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या राशीला कुठला खडा चालतो? त्या प्रश्नाला मी आज हात लावणार नाही. तो ज्यांचा विषय आहे त्यांनी तो सांगावा. माझा प्रश्न साधा आहे आणि इतिहासाचा आहे. नवा दागिना घडवायचा आहे, समोर तबकात पन्नास खडे पडलेत, त्यांतले पाच उचलायचे आहेत. उचलणारा माणूस नेमकं काय बघतो? आज मुंबईतला एखादा दागिन्यांचा डिझायनर जे बघतो, तेच तीनशे वर्षांपूर्वीचा जवाहिऱ्या बघत होता का?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. खडा चांगला की वाईट हे पूर्णपणे खड्यात नसतं. तो कुठल्या उजेडात दिसणार, कुठल्या कोंदणात बसणार आणि त्याच्या शेजारी कोण असणार, यावर ते ठरतं. उजेड बदलला की निवड बदलते. आणि निवड बदलली की जुने दागिने मोडले जातात. आपल्याकडे हे झालेलं आहे, आजही होतंय.

आता कुणी म्हणेल, अक्कलकोटात हा विषय कशाला? आपली जमीन काळ्या दगडाची. इथं हिरे सापडत नाहीत, फार तर नांगराच्या फाळाला गारगोटी लागते. खरं आहे. पण नकाशा काढा आणि अक्कलकोटभोवती शंभर-सव्वाशे किलोमीटरचं वर्तुळ मारा. त्या वर्तुळात तेर येतं, कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण येतं, आणि विजापूर येतं. रत्नांच्या पारखेचा दोन हजार वर्षांचा इतिहास या तीन गावांच्या आधाराने सांगता येतो.

तेरपासून सुरुवात करू. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं प्रवासवर्णन आहे, त्यात पैठण आणि तगर ही दोन्ही गावं येतात. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो सांगतो. तगरहून मुख्यतः कापड जायचं. पैठणहून मात्र पट्ट्यापट्ट्यांचा दगड मोठ्या प्रमाणात भडोच बंदरात उतरायचा. हा दगड अकीकाच्या जातीचा, ज्याला आपल्याकडे सुलेमानी म्हणतात. तेरलाही मण्यांचा उद्योग होता, उत्खननात तिथं वेगवेगळ्या दगडांचे मणी मिळालेत.

या मण्यांसाठी दगड निवडणारा काय बघत असेल? त्याच्यासमोर पारदर्शक, लखलखणारा खडा नाहीच. त्याच्यासमोर धुरकट गोटा आहे. तो बघतो थर. पट्टे सरळ आहेत की वाकडे, पांढऱ्यावर काळा थर किती जाड आहे. रोमन कारागिराला वरच्या पांढऱ्या थरात चेहरा कोरायचा आणि खालचा गडद थर पार्श्वभूमीला ठेवायचा, म्हणजे थर जुळले तरच दगड कामाचा. लाल अकीकाची आणखी एक गंमत आहे. पिवळट-तपकिरी दगड निगुतीनं तापवला की आतल्या लोहामुळे तो लाल होतो. म्हणजे निवडणाऱ्याला आजचा रंग बघून भागत नाही. भट्टीतून आल्यावर तो कसा दिसेल, हे आधी ओळखावं लागतं. खड्यात काय आहे यापेक्षा त्यातून काय निघेल, हे बघणारी नजर इतकी जुनी आहे.

आता कल्याणी. बाराव्या शतकात आपला हा सगळा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा होता. त्यांच्यातला तिसरा सोमेश्वर हा विद्वान राजा. त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ चा. मराठीच्या अभ्यासकांना तो वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतो : कांडताना ओव्या म्हणणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांचा उल्लेख त्यात आहे. पण त्याच ग्रंथात राजाच्या कोशाची चर्चा करताना रत्नपरीक्षा येते, आणि उपभोगांची चर्चा करताना अलंकार येतात. हे दोन वेगळ्या ठिकाणी येतात, हे लक्षात घ्या. एक खजिन्यात ठेवायचं रत्न, दुसरं अंगावर घालायचं.

ही विभागणी सोमेश्वराच्याही आधीची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं रत्नपरीक्षेचं प्रकरण कोशात काय घ्यावं याबद्दलच आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. ही शास्त्रं प्रामुख्यानं गुणदोष सांगतात. रंग कसा असावा, तुळतुळीत असावा, जड असावा, आत रेघ नसावी, ठिपका नसावा. एकेका रत्नाची परीक्षा. खजिनदाराला हे पुरतं. पण दागिना घडवणाऱ्याला एक सुटं उत्तम रत्न घेऊन काय करायचंय? त्याचं काम जोडीचं आहे.

कुडीचं उदाहरण घ्या. आपल्या आजी-पणजीच्या कानात सात मोत्यांची कुडी असायची. मधे एक, भोवती सहा. सहाच का? टेबलावर सात सारखे रुपये ठेवून बघा. एकाभोवती बरोबर सहाच बसतात, अगदी चिकटून. पण हे कधी, तर सातही सारख्या मापाचे असतील तेव्हाच. एक मोती जरा मोठा निघाला तर फूल फाकतं, लहान निघाला तर फट दिसते. आणि कान दोन, म्हणजे चौदा मोती लागले, एका मापाचे, एका झाकेचे. निसर्गात शिंपल्यातून निघणारे मोती एका मापाचे नसतात. चौदा जुळवायला ढीगभर मोती चाळावे लागत. म्हणून बसऱ्याच्या मोत्यांच्या व्यापारात जुळलेल्या मोत्यांना सुट्या मोत्यांहून वेगळाच भाव. इराणच्या आखातातले हे मोती मुंबईच्या बाजारात यायचे, तिथं प्रतवारी व्हायची आणि मग देशावर पोचायचे.

या जुळवणीत दोषाचं काय करायचं, याचीही युक्ती होती. मोत्याला भोक पाडायचंच असतं. मग जिथं डाग आहे, खळगी आहे, तिथूनच पाडायचं. डाग भोकात गेला, मोती स्वच्छ झाला. शास्त्राच्या हिशेबानं सदोष असलेला मोती नथीत निर्दोष होतो. खजिनदार आणि कारागीर यांच्या नजरेतला फरक इथं कळतो.

आता तिसरं गाव, विजापूर. इथं आपल्याला एक उत्तम साक्षीदार मिळतो. झाँ-बाप्तिस्त तवेर्निए, सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या. हिंदुस्थानात अनेकदा आला, खाणी पाहिल्या, आणि १६७६ साली पॅरिसला त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. आपण सगळ्या दख्खनी हिऱ्यांना गोवळकोंड्याचे म्हणतो. पण तवेर्निए सांगतो की त्यानं पाहिलेली पहिली खाण, रावळकोंडा, विजापूरच्या बादशहाच्या मुलखात होती. विजापूरहून आठ-नऊ दिवसांची वाट.

तिथं त्यानं पाहिलेला एक देखावा मला फार आवडतो. गावातल्या मोठ्या झाडाखाली रोज सकाळी व्यापाऱ्यांची पोरं येऊन बसत. वय दहा ते पंधरा-सोळा. प्रत्येकाकडे हिरे तोलायची वजनं आणि कमरेला होनांची थैली. कुणी हिरा विकायला आणला की तो पोरांतल्या सर्वांत मोठ्याच्या हातात जायचा. तो बघायचा, शेजारच्याला द्यायचा. असा हिरा हातोहात फिरून परत त्याच्याकडे यायचा आणि तोवर कुणी अवाक्षर काढायचं नाही. मग भाव. त्यानं जास्त किंमत मोजली तर तोटा त्याचा. संध्याकाळी पोरं दिवसभराचा माल पुढे घेऊन पाणी, वजन आणि स्वच्छता यांवरून वर्गवारी करत. पारख कशी शिकवली जायची, तर अशी. आधी गप्प बसून बघायचं, मग बोलायचं, आणि चुकलं तर स्वतःच्या थैलीतून भरायचं.

मोठ्यांचा सौदा तर मुकाच. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातावर शेल्याचा पदर ओढत आणि आत बोटांनी भाव ठरवत. सगळा पंजा धरला की हजार, पाच बोटं धरली की पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, अर्धं बोट पन्नास, बोटाचं टोक दहा. भोवती माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं तवेर्निएची सगळ्यात मोलाची नोंद वेगळीच आहे. तो म्हणतो, आम्ही युरोपातले लोक हिरा दिवसा उजेडात तपासतो. इथले लोक रात्री तपासतात. भिंतीत फूटभराचा चौकोनी कोनाडा करतात, त्यात जाड वातीचा दिवा ठेवतात आणि खडा चिमटीत धरून त्या ज्योतीपुढे बघतात. आणि हिऱ्यात निळसर झाक आहे अशी शंका आली, तर दाट पानांच्या झाडाखाली नेऊन हिरव्या सावलीत बघतात.

हे अडाणीपण नव्हे. अंधारात एकच ज्योत असली की खड्यातला केस, काळा कण, ढग चटकन दिसतो. शिवाय तो दागिना घातला कधी जाणार? लग्नात, दरबारात, सणाला. बहुतेक वेळा दिव्याच्या किंवा मशालीच्या उजेडात. जिथं मिरवायचं तिथलाच उजेड घेऊन परीक्षा करायची, यात शहाणपण आहे. ज्योतीचा उजेड तांबूस-पिवळा. त्यात हिऱ्यातली पुसट पिवळी झाक लपते, माणिक पेटल्यासारखं दिसतं, मोती लोण्यासारखा दिसतो. नीलम मात्र त्या उजेडात काळवंडतो. मराठी दागिन्यांत माणिक, मोती, पाचू भरभरून आणि नीलम कमी, याचं कारण आपण शनीच्या भीतीवर ढकलतो. ती भीती होतीच. पण दिव्याचाही त्यात वाटा असावा, असं माझं अनुमान आहे.

उजेड असा मंद आणि एका बाजूनं येणारा असला की खड्याला मदत लागते. ती मदत म्हणजे कोंदण. आपण बोलताना ‘सोन्याच्या कोंदणात’ असं सहज म्हणून जातो, पण कोंदण म्हणजे काय? खड्याच्या मागची बाजू बंद असते. आत लाख भरलेली. खड्याखाली चकचकीत वर्ख, ज्याला डांक म्हणतात. माणकाखाली लाल झाकेचा, पाचूखाली हिरवा, हिऱ्याखाली रुपेरी. मग शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबून कडा बंद करायच्या. उजेड वरून आत जातो, डांकेवर आपटतो आणि परत वर येतो. अशा दागिन्यासाठी निवडताना खडा पातळ, पसरट आणि पुरेसा पारदर्शक हवा. आत एखादा धागा, एखादी रेघ असली तरी चालते. डांक सांभाळून घेते. पाचू तर आतल्या धाग्यांशिवाय क्वचितच सापडतो.

म्हणूनच आपले पैलू पाडणारे खड्याला कमीत कमी हात लावत. तवेर्निए हेही सांगतो : खडा स्वच्छ असेल तर ते वरखाली नुसता चाकाला लावतात, आकार द्यायला जात नाहीत, वजन कमी होईल म्हणून. पण आत डाग असेल तर सगळ्या अंगावर बारीक पैलू पाडतात, म्हणजे डाग दिसू नये. वजनाची एवढी काळजी का? त्याचा हिशेब त्याच्याच पुस्तकात आहे. हिऱ्याची किंमत वजनाच्या वर्गानं वाढते. पाणी आणि दोष पाहून एका कॅरटचा भाव ठरवा, मग वजनाचा वर्ग करून गुणा. दोन कॅरटचा हिरा चौपट, तीनचा नऊपट. आता दहा कॅरटचा हिरा घासून आठचा केला तर? शंभराचे चौसष्ट झाले. वजन पाचव्या हिश्शानं उतरलं आणि किंमत तिसऱ्या हिश्शाहून जास्त बुडाली. कोण घासेल?

इथवर आपली गोष्ट दिव्याच्या उजेडातली होती. आता उजेड बदलतो.

१८१८ साली पेशवाई संपली. आपल्या अक्कलकोटच्या भोसल्यांचं संस्थान, ज्याचा मूळपुरुष फत्तेसिंह याला शाहू महाराजांनी मुलासारखं वाढवलं, ते पुढे १९४८ पर्यंत टिकलं. पण पुण्याचा जामदारखाना गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून इंग्रजांच्या हाती पडलेला एक हिरा म्हणजे ‘नासक’. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाशी जोडलेला म्हणून नाशिकचं नाव. तेव्हा वजन सुमारे ९० कॅरट. दख्खनी पद्धतीनं पैलू पाडलेला. लंडनला गेल्यावर तिथल्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासला, चमक वाढवण्यासाठी. नंतर १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन पुन्हा पैलू पाडून घेतले. उरला ४३.३८ कॅरट. अर्ध्याहून अधिक हिरा चाकावर गेला.

कोहिनूरचंही तेच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी गर्दी केली आणि निराश होऊन परतले. काचेच्या त्या लख्ख इमारतीत हिरा मंद दिसला. मग अंधारा तंबू केला, गॅसचे दिवे लावले. शेवटी १८५२ मध्ये तो घासला. आजच्या मापानं सुमारे १९१ कॅरटचा १०५.६ कॅरट झाला. माझ्या मते तो हिरा वाईट नव्हता. तो चुकीच्या उजेडात ठेवला होता.

त्यानंतरची शंभर वर्षं ही विजेच्या दिव्याची आणि उघड्या कोंदणाची. डांक गेली, मागची बाजू उघडी झाली. उजेड परत फेकायचं काम आता खड्यानंच करायचं, पैलूंच्या नेमक्या कोनांनी. अशा खड्यात आतला प्रत्येक कण उघडा पडतो. त्यामुळे निवडीची मापं कडक झाली. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनं रंगाची आणि स्वच्छतेची प्रतवारी पक्की केली, आणि आज सोलापूरच्या सराफाकडेही हिऱ्याबरोबर जो कागद मिळतो, त्यावर त्याच पद्धतीची अक्षरं असतात. ही पद्धत चांगली आहे. गिऱ्हाईक फसत नाही. पण तो कागद सुट्या खड्याचा असतो, खजिनदाराच्या जातीचा. दागिन्याबद्दल तो काही बोलत नाही.

मग आजचा डिझायनर काय करतो? इथं एक आपलंच नाव सांगतो. अंबाजी शिंदे. जन्म १९१७, गोव्यात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मुंबईच्या जवाहिऱ्यांकडे संस्थानिकांसाठी दागिन्यांची चित्रं काढली, आणि पुढे न्यूयॉर्कला त्याच हॅरी विन्स्टनच्या पेढीत गेले. १९६६ पासून तिथले मुख्य डिझायनर. २००३ साली वारले. त्या पेढीची रीत अशी की आधी चित्र काढून मग खडे शोधायचे नाहीत. खडे समोर ठेवायचे आणि ते सांगतील तसा दागिना काढायचा. निरनिराळ्या आकारांचे हिरे वेगवेगळ्या कोनांत, जवळजवळ न दिसणाऱ्या प्लॅटिनमच्या तारांवर बसवायचे, म्हणजे मान हलली की कुठला ना कुठला हिरा उजेड पकडतो. शिंदे दागिन्याचं रंगीत चित्र इतकं हुबेहूब काढत की ती चित्रंच आज संग्राहक जपतात.

पद्धत परकी वाटते, पण प्रश्न आपल्या कुडीवाल्या कारागिराचेच आहेत. शेजारी कोण? उजेड कुठून? दोष कुठे झाकायचा? एखाद्या खड्याच्या कडेला कण असेल तर धातूची नखी तिथंच बसवायची. मोत्याचा डाग भोकात घालण्याचीच ही युक्ती, नव्या वेशात.

आता शेवटचा मुद्दा, आणि आजचं बोलणं यासाठीच. आपल्या भागात, इथं अक्कलकोटात, सोलापुरात, पलीकडे आळंद-कलबुर्गीकडे, घरोघरी अजून आजीची एखादी जुनी वस्तू असते. तन्मणी, नथ, चिंचपेटी. लग्न निघालं की ती मोडायला निघते. दुकानात सांगतात, सोन्याचे एवढे, खड्यांचे काही नाही, हिरे ‘कच्चे’ आहेत, मोती पिवळे पडलेत. नव्या उजेडात त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तो खडा त्या उजेडासाठी निवडलेलाच नव्हता. १९२०-३० नंतर जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार बदलला आणि आखातातली मोत्यांची बुडी जवळपास बंद पडली. त्यामुळे खऱ्या बसरा मोत्याची जोडी आज जुळवायची म्हटली तरी जुळत नाही. ती तुमच्या कपाटात जुळलेली पडली आहे.

तेव्हा तीन गोष्टी करा. मोडण्याआधी रात्री घरातले दिवे मालवा, समईपुढे तो दागिना धरा आणि बघा. मागची बाजू बंद असेल तर तो पाण्यात बुडवून धुऊ नका. पाणी आत गेलं की डांक काळी पडते आणि खडा मेल्यासारखा दिसतो. नुसत्या कोरड्या मऊ कापडानं पुसा. आणि मोडायचाच असेल तर पुढून-मागून फोटो काढा, कुणाचा, कुठून आला, घरात त्याला काय म्हणायचे, ते लिहून ठेवा. आपल्या घरांत हे शब्द काही मराठी, काही कानडी असतात. दागिन्याबरोबर तेही जातात.

प्रश्न असतील तर घेऊ या.

श्रोता : प्रयोगशाळेत बनवलेला हिरा खरा म्हणायचा का?

रसायनाच्या दृष्टीनं तो हिराच. कार्बनच आहे, तितकाच कठीण आहे. फक्त तो जमिनीतला नाही, हे विकणाऱ्यानं सांगितलं पाहिजे आणि भावही त्याप्रमाणे घेतला पाहिजे. असंच १९०२ मध्ये झालं होतं, व्हर्नय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं कृत्रिम माणिक जाहीर केलं तेव्हा. माणिक संपलं नाही. पारख करणाऱ्याचं काम तेवढं वाढलं.

श्रोती : जुन्या नथीतला एक मोती हरवलाय. नवा घालून घेऊ का?

घाला की, नथ घालायसाठीच असते. फक्त सराफाला सांगा, बाकीचे मोती उजळायला जाऊ नका. नवा मोती जुन्यांच्या झाकेचा शोधा. नव्याला जुन्यांशी जुळवून घेऊ दे. आणि तो दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली निवडू नका. दारात या, सावलीत धरून बघा, मग पसंत करा.